सगळे शोधत असताना

आजचं वाचन: मार्क 1:21-39
मननासाठी वचन: मार्क 1:35



"प्रार्थना करायची इच्छा आहे, पण वेळच मिळत नाही." तरुण संघात हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! सकाळी लोकल पकडायची, दिवसभर मीटिंग, घरी पोहोचेपर्यंत नऊ वाजलेले, जेवण झालं की मोबाईल हातात आणि तसाच डोळा लागतो. हे कारण खोटं नाही. आपण खरोखरच थकलेले असतो. म्हणूनच आजचा शास्त्रभाग आपल्यासाठी आहे, कारण तो एका अतिशय थकवणाऱ्या दिवसाबद्दल आहे.

तो दिवस कसा होता?

कफर्णहूम गाव, शब्बाथाचा दिवस. सकाळी सभास्थानात येशूने शिक्षण दिलं. तिथेच अशुद्ध आत्म्याने पछाडलेल्या माणसाला मोकळं केलं. तिथून शिमोनाच्या घरी आला, तर त्याची सासू तापाने पडलेली. तिला हात धरून उठवलं. मग सूर्य मावळला. शब्बाथ सूर्यास्ताला संपतो, त्यामुळे आजाऱ्यांना उचलून आणायला लोक आता मोकळे झाले आणि सगळं गाव दारात जमलं. म्हणजे इतरांचा दिवस संपतो तेव्हा प्रभूचं काम पुन्हा सुरू झालं.

अशा रात्रीनंतर कोणीही म्हटलं असतं, "उद्या जरा उशिरा उठू दे." पण येशू अंधार असतानाच उठला, घराबाहेर पडला आणि एकांतात जाऊन प्रार्थना करू लागला.

त्या जागेसाठी मार्क जो ग्रीक शब्द वापरतो, तोच शब्द त्याने थोडं आधी अरण्यासाठी वापरला आहे, जिथे येशूची परीक्षा झाली होती. खरं तर कफर्णहूमच्या आसपास वाळवंट नाही, तो गालील समुद्राकाठचा हिरवा भाग आहे. इथे अर्थ एवढाच, की जिथे कोणी नाही अशी जागा. ती त्याला आयती मिळाली नाही. भरलेलं घर सोडून त्याला तिथे जावं लागलं.

प्रार्थनेनंतर काय झालं?

ही गोष्ट आपण बहुतेक वेळा 35 व्या वचनावरच थांबवतो. पण पुढे वाचा. शिमोन आणि सोबती त्याला शोधत आले. इथला मूळ शब्द जोरकस आहे, पाठलाग करत माग काढावा तसा. सापडल्यावर त्यांनी सांगितलं की सगळे तुलाच शोधताहेत.

विचार करा, ही किती चांगली संधी होती! गाव तयार, लोक तयार, नाव झालेलं. शिवाय दारात उभे असलेले लोक खरोखर दुःखात होते. तरी येशू म्हणाला की आपण जवळपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, मला तिथेही उपदेश करायचा आहे, मी त्यासाठीच आलो आहे.

पित्याशी त्याचं काय बोलणं झालं, ते मार्क लिहीत नाही. पण तिथून उठल्यावर आपल्याला कुठे जायचं आहे हे त्याला स्पष्ट होतं. गर्दीची गरज खरी होती, पण त्याचा पुढचा रस्ता गर्दीने ठरवला नाही.

मित्रांनो, आपलं नेमकं इथेच बिघडतं. डोळे उघडले की आधी मोबाईल. बॉसचा मेसेज, ग्रुपवरचे मेसेज, कोणाचं तरी स्टेटस. अंथरुणातून उठायच्या आत दहा जणांनी आपला दिवस ठरवून टाकलेला असतो. मग दिवसभर धावतो, सगळ्यांना "हो" म्हणतो आणि रात्री कळतही नाही की यातलं देवाने आपल्याला दिलेलं काम कोणतं होतं. प्रार्थनेचा वेळ गेला की एवढं मोठं नुकसान होतं.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण पाहा. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली होत्या. त्यांचं अन्न, शाळा, शेती, छापखाना आणि पुढे बायबलचं मराठी भाषांतर, एवढा व्याप होता. तरीही 1905 साली तिथे जी मोठी आत्मिक जागृती झाली, ती एकत्र प्रार्थना करणाऱ्या मुली आणि बायकांमध्ये झाली.

पहाटच हवी का?

नाही. येशू एकटा प्रार्थना करतोय असं मार्क तीनदा दाखवतो. इथे पहाट आहे. पाच हजारांना जेवू घातल्यावर तो डोंगरावर गेला, तेव्हा संध्याकाळ होती. गेथशेमाने बागेत रात्र होती. नाईट शिफ्टवाल्यांनो, लहान बाळ असलेल्या आयांनो, मन लहान करू नका. आणि हेही लक्षात घ्या, की प्रभूच्या प्रार्थनेतही माणसं येऊन पोहोचलीच. म्हणून तो दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना करायचा थांबला नाही.

आज एवढं करू या

1. वेळ आणि जागा ठरवा. दहा मिनिटंही चालतील. घरात एकच खोली असेल तर गच्ची, जिना किंवा चर्चचा रिकामा बाक शोधा.
2. तेवढा वेळ मोबाईल हाताच्या अंतरावर नको. बायबल पुस्तकातून वाचा.
3. दिवसभराची कामं देवासमोर एकेक करून सांगा आणि विचारा, "प्रभू, यातलं माझं कोणतं?" मग थोडं शांत बसा.

प्रार्थना

हे प्रेमळ देवबापा, आम्हाला खूप जण शोधतात आणि त्या गडबडीत आम्ही तुला शोधायचं राहून जातं. आमचा आजचा दिवस तुझ्या हाती देतो. कुठे थांबायचं आणि कुठे जायचं, ते तूच दाखव. जे तरुण थकलेले आहेत, त्यांना तुझ्याजवळ विसावा दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.