थर उतरविण्याची शिस्त

गोपाळकाल्याच्या दिवशी उभा राहणारा मानवी मनोरा दोन प्रकारचे प्रेक्षक पाहत असतात. पहिला प्रेक्षक हंडीखाली उभा असतो. पावसाने ओले झालेले खांदे, खालच्या थरातील तरुणांच्या पोटऱ्यांना सुटलेला कंप आणि वर चढणाऱ्या मुलाचा सावध पाय हे सारे त्यास जवळून दिसते. दुसरा प्रेक्षक घरी दूरचित्रवाणी संचासमोर किंवा हातातील भ्रमणध्वनीसमोर बसलेला असतो. कॅमेरा जेवढे दाखवील तेवढेच तो पाहतो आणि त्यावरून गोविंदा पथकांविषयी आपले मत बनवितो. या दुसऱ्या प्रेक्षकांची संख्या आज पहिल्यांच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे पथकाची समाजातील प्रतिमा ही आता केवळ गल्लीपुरती राहिलेली नाही.

ठाणे शहर हे या बदलाचे प्रमुख केंद्र होय. टेंभी नाका, जांभळी नाका, वर्तकनगर, नौपाडा या भागांतील हंड्यांना मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली येथील पथके सलामी देण्यासाठी येतात आणि त्यांचे थेट प्रक्षेपण राज्यभर पाहिले जाते. या पथकांतील बहुसंख्य सभासद विद्यार्थी, कामगार आणि नोकरी शोधणारे तरुण असतात. त्यांचे वर्तन किती व्यावसायिक असावे आणि ते तसे व्हावे म्हणून आयोजकांची जबाबदारी कोणती, या प्रश्नाचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

सण, विक्रम आणि खेळ

पूर्वी हंडी ही आळीची असे. मंडळाची मुले ती फोडीत, शेजारीपाजारी वरून पाणी ओतीत आणि काला वाटून कार्यक्रम संपे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हाही या सणाचे रूप मुख्यत्वे असेच होते. पुढे खासगी वृत्तवाहिन्या आल्या, मोठ्या रकमेची बक्षिसे लागली आणि थरांची स्पर्धा सुरू झाली. हंडी फोडण्यापेक्षा किती थरांची सलामी दिली, यास महत्त्व आले.

या स्पर्धेचा एक टप्पा ठाण्यातच गाठला गेला. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने ठाणे येथे नऊ थरांचा ४३.७९ फूट उंचीचा मनोरा रचला आणि त्याची नोंद गिनीज विक्रमांत झाली. त्यापूर्वीचा ३९ फुटांचा विक्रम १९८१ साली स्पेनमध्ये झाला होता. १६ ऑगस्ट २०२५ रोजी जोगेश्वरीच्याच कोकण नगर गोविंदा पथकाने ठाण्यात दहा थर रचून दाखविले.

शासनाच्या धोरणानेही या बदलाची दखल घेतली. ऑगस्ट २०२२ मध्ये विधानसभेत दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा देण्याची व प्रो-गोविंदा स्पर्धा भरविण्याची घोषणा झाली. अपघातात मृत्यू झाल्यास वारसांना १० लाख रुपये आणि गंभीर अपंगत्व आल्यास ठरावीक अर्थसाहाय्य देण्याचेही त्या वेळी ठरले. पहिली प्रो-गोविंदा स्पर्धा ३१ ऑगस्ट २०२३ रोजी वरळी येथे बंदिस्त सभागृहात झाली. गोविंदांच्या शासकीय विम्याची व्याप्तीही वाढत गेली. २०२३ साली ती ५० हजार गोविंदांसाठी होती, २०२५ साली दीड लाख गोविंदांसाठी करण्यात आली.

खेळाचा दर्जा मिळणे ही गौरवाची बाब खरी; परंतु दर्जाबरोबर नियम येतात. कबड्डीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१४ साली प्रो-कबड्डी सुरू झाली आणि मातीवरचा हा खेळ मॅटवर, दिव्यांच्या प्रकाशात घरोघरी पोहोचला. प्रत्येक चढाईस ३० सेकंदांची मर्यादा आली, शंका आल्यास चित्रफीत पाहून निर्णय देण्याची सोय झाली. खेळ पाहणाऱ्यास नियम कळले, म्हणून खेळाडूंविषयीचा आदर वाढला. गोविंदा पथकांसही हाच मार्ग चोखाळावा लागणार आहे.

चौदा वर्षांची मर्यादा

मनोऱ्याच्या टोकावर हलके मूल हवे, ही या खेळाची गरज आहे आणि तीच त्याची सर्वांत दुखरी बाजू आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांच्या सहभागास बंदी केली व उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती या निर्णयास स्थगिती दिली. तथापि २०१६ साली हे निर्बंध कायम ठेवले. ७ ऑगस्ट २०१७ रोजी उच्च न्यायालयाने वय आणि उंची यांविषयी निर्णय घेणे हे शासनाचे व विधिमंडळाचे काम असल्याचे सांगून निर्बंध उठविले. १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ दिले जाणार नाही, असे शासनाने त्या वेळी न्यायालयास सांगितले. शिरस्त्राण, सुरक्षा पट्टा, जाड गाद्या, रुग्णवाहिका यांची व्यवस्था असणे ही आयोजकांची जबाबदारी ठरली.

नियम कागदावर असणे आणि सरावाच्या मैदानावर असणे यांत अंतर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दहिसर येथे सराव चालू असता अकरा वर्षांचा एक मुलगा वरच्या थरावरून पडून मरण पावला. २०२२ साली विलेपार्ले येथे एका तरुण गोविंदाचा थरावरून पडून मृत्यू झाला होता. दहिसरचा अपघात सणाच्या दिवशी नव्हे, तर सरावात घडला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तेथे कॅमेरा नव्हता, पंच नव्हते, व्यासपीठही नव्हते. पथकाची खरी शिस्त अशाच ठिकाणी कसाला लागते. गुरुपौर्णिमेच्या सुमारास सराव सुरू होतो. पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाचा जन्मदाखला पाहून नोंदवहीत त्याचे वय लिहिणे, पालकांची लेखी संमती घेणे आणि गादी व शिरस्त्राणाशिवाय कोणासही वर न चढविणे, या तीन गोष्टींना खर्च फारसा येत नाही. निर्धार मात्र लागतो.

कॅमेऱ्यासमोरील काही क्षण

मनोरा कोसळतो तो बहुधा वरून नव्हे, खालून. समजा, एका थरात सहा जण आहेत व त्यांच्यावर अनुक्रमे चार, तीन आणि एक असे आठ जण उभे आहेत. प्रत्येकाचे वजन सरासरी ५० किलो धरले, तर वरचा एकूण भार ४०० किलो होतो आणि तो सहा जणांत वाटला असता प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ६७ किलो येतात. हा भार समान वाटला गेला तरच हे गणित जमते. एकाचा खांदा जरा झुकला की शेजाऱ्यावरचा भार वाढतो. स्थिर उभे राहून भार पेलणाऱ्या स्नायूंना विश्रांती मिळत नाही. काही क्षणांत त्यांना कंप सुटतो, आणि हा कंप वरच्या थरापर्यंत पोहोचताना वाढत जातो.

म्हणून मनोऱ्याच्या बाबतीत वेळ हा सर्वांत मोठा शत्रू आहे. नेमका येथेच प्रक्षेपणाचा आणि सुरक्षिततेचा संघर्ष उभा राहतो. पाहुणे व्यासपीठावर यावयाचे आहेत म्हणून पथकास थांबविणे, वाहिनीचा कॅमेरा दुसरीकडे आहे म्हणून सलामी लांबविणे, थर लागत असताना ध्वनिक्षेपकावरून बक्षिसाच्या रकमेची घोषणा करून ‘आणखी एक थर’ म्हणून चेतविणे, हे प्रकार मोठ्या आयोजनांत घडू शकतात. व्यासपीठावरील निवेदकास दहा सेकंद म्हणजे एक वाक्य वाटते. तळातील तरुणास तेच दहा सेकंद फार दीर्घ असतात.

यावर उपाय अवघड नाहीत. थर लागू लागले की ध्वनिक्षेपक बंद करावा आणि केवळ पथकाच्या प्रशिक्षकाचा आवाज ऐकू यावा. मनोरा उतरविण्याचा निर्णय प्रशिक्षकाचा असावा, आयोजकाचा वा पाहुण्यांचा नव्हे. टोकावरील गोविंदाच्या सुरक्षा पट्ट्यास अडकविलेला दोर आधी तपासल्याखेरीज थर लावण्यास परवानगी नसावी. कॅमेऱ्याने पथकाची वाट पाहावी, पथकाने कॅमेऱ्याची नव्हे.

कातालोनियातील मोजमाप

स्पेनमधील कातालोनिया प्रांतात अशाच मानवी मनोऱ्यांची परंपरा सुमारे दोनशे वर्षांची आहे. वाल्स हे गाव तिचे माहेर समजले जाते. युनेस्कोने २०१० साली या परंपरेचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. तेथील प्रांतिक दूरचित्रवाणी या मनोऱ्यांचे कार्यक्रम दाखविते आणि तारागोना शहरातील स्पर्धेस मोठा प्रेक्षकवर्ग लाभतो. तेथेही टोकावर मूलच चढते आणि वर पोहोचताच हात उंचावते. आपल्याकडील सलामीशी याचे साम्य सहज लक्षात येते.

एक फरक मात्र शिकण्याजोगा आहे. तेथे मुलाने हात उंचावला म्हणजे मनोरा ‘रचला’ गेला असे मानतात. पूर्ण मान मिळतो तो सर्व थर व्यवस्थित उतरल्यावरच. रचल्यानंतर उतरताना कोसळलेल्या मनोऱ्यास कमी गुण दिले जातात. त्यामुळे प्रशिक्षकाचे लक्ष शेवटचा माणूस जमिनीवर येईपर्यंत ढळत नाही आणि प्रेक्षकही तोवर श्वास रोखून असतात. २००६ साली मातारो येथे बारा वर्षांच्या मुलीचा पडून मृत्यू झाला. त्यानंतर वरच्या थरांतील मुलांसाठी खास तयार केलेले शिरस्त्राण सर्वत्र रूढ झाले. शिरस्त्राणामुळे परंपरेची शोभा उणावली, असे आज तेथे कोणी म्हणत नाही.

आपल्याकडे सलामी होताच ढोल वाजू लागतात, गुलाल उधळला जातो आणि कॅमेरा व्यासपीठाकडे वळतो. थर उतरत असतात ते जणू कोणाच्या खिजगणतीत नसते. आयोजकांनी बक्षिसाची घोषणा शेवटचा गोविंदा जमिनीवर आल्यावरच करण्याचा प्रघात पाडला, आणि वाहिन्यांनी तोपर्यंत दृश्य न बदलण्याचे ठरविले, तर केवळ या एका गोष्टीने खेळाची प्रतिमा पालटेल.

हंडीपासून हंडीपर्यंत

पथकाची प्रतिमा फक्त मनोऱ्यापाशी घडत नाही. कल्याण-डोंबिवलीतील पथक सकाळी निघते, ट्रक, बस व दुचाकींनी ठाणे गाठते, तेथून कधी मुंबईस जाते आणि रात्री उशिरा परतते. दिवसभरात अनेक ठिकाणी सलामी दिलेल्या शरीरांना रात्री तोच भार पेलवतो असे नाही. ट्रकच्या फळीवर लोंबकळणारे आणि शिरस्त्राणावाचून दुचाकीवर तिघे बसलेले तरुण रस्त्यावरील नागरिकाच्या नजरेस पडतात. त्यांच्या अंगावरील गणवेशावर पथकाचे नाव असते. एका मिनिटाच्या सुंदर सलामीने मिळविलेली प्रतिष्ठा तासाभराच्या अशा प्रवासात लोपते.

त्यासाठी पथकाने दिवसाचा कार्यक्रम आधी आखून किती सलामी द्यावयाच्या हे ठरवावे. जेवण, पाणी व विश्रांतीची वेळ निश्चित करावी. मद्यप्राशन केलेल्या सभासदास, तो कितीही कसलेला असला तरी, त्या दिवशी थरात घेऊ नये. मुलाखत देण्यासाठी एकाची नेमणूक करावी; त्याने प्रतिस्पर्ध्यांचा उपमर्द न करता आपल्या सरावाविषयी बोलावे. एखादा अपघात घडल्यास प्रथम जखमीच्या कुटुंबास कळवावे, नंतर इतरांस. जखमीचे चित्रीकरण कोणासही करू देऊ नये. मुलींच्या पथकांना सलामीसाठी वेळेवर पाचारण करणे आणि कपडे बदलण्यासाठी सुरक्षित जागा देणे, हे आयोजकांचे कर्तव्य आहे. ध्वनिक्षेपकाच्या आवाजाचे व वेळेचे नियम २००० सालापासून लागू आहेत. ते पाळणे ही शेजारच्या इमारतींतील वृद्ध व आजारी माणसांविषयीची सौजन्याची बाब होय.

सार्वजनिक उत्सव शिस्तीने साजरा करता येतो, याचा दाखला याच परिसरात आहे. डोंबिवलीत १९९९ साली गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा निघाली. पुढे ठाणे, कल्याण आणि इतर अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले. तिच्यात तरुणांचा उत्साह उणा नसतो. परंतु मार्ग, वेळ आणि प्रत्येक गटाची जबाबदारी आधी ठरलेली असते. तिचे अनुकरण झाले ते त्या उत्साहाबरोबर असलेल्या या नेटकेपणामुळेही.

गोविंदा पथक ही तरुणांची शाळाच म्हणावयास हवी. खांद्यावर दुसऱ्याचा पाय घेताना जात, धर्म किंवा घरची श्रीमंती कोणी विचारीत नाही. तळातला तरुण कॅमेऱ्यात फारसा दिसत नाही, तरीही तो हलत नाही. हे त्याचे मोल प्रेक्षकास कळावयाचे असेल, तर मनोरा जितक्या दिमाखात चढतो तितक्याच शिस्तीने तो उतरताना दिसला पाहिजे. टोकावरचे मूल सुखरूप खाली येऊन आईवडिलांसमवेत घरी जाते, तेव्हाच सलामी पुरी होते.