पोराला सगळं कळत नसतं

ताप्ती लाइनच्या गाडीने धुळे, नंदुरबार, जळगावकडून आपली माणसं सुरतेत उतरली ती पोटासाठी. कुणी सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर लागलं, कुणी डाइंग मिलमध्ये. बमरोली, पांडेसरा, उधना, लिंबायत इथल्या गल्ल्यांत आपली पोरं वाढली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाहेर उडिया-भोजपुरी दोस्तांशी हिंदी आणि दुकानात फाडफाड गुजराती. बँकेचा फॉर्म पोरगंच भरतं, दवाखान्यात तुमचं दुखणंही तेच सांगतं. बारा-तेरा वर्षांचं असल्यापासून निम्मं घर त्याच्या तोंडाने बोलतं. मग तुम्ही त्याला विचारायचंच सोडून देता. "त्याला सगळं कळतं," म्हणता. मला खरी भीती या वाक्याची वाटते.

कारण भाषा कळल्या तरी गल्लीत सामावून जायला त्याला आणखी काहीतरी लागतं. कोपऱ्यावर प्लॅस्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू, चुना टाकून तळहातावर मावा चोळला जातो आणि चौघांत वाटला जातो. तो नाकारला की पोरगं पुन्हा 'बाहेरचं' ठरतं. गुजरातेत गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पानमसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या एकत्र केल्या की काम भागतं. पुढे बारा तासांची रातपाळी, सांच्यांचा खडखडाट, मीटरवर मजुरी; जागं राहायला तोच मावा. त्याहून लहान पोरं पंक्चरचं सोल्यूशन फडक्यावर घेऊन हुंगतात. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगायची नशा ही एकच अशी निघाली, जी मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे. कपड्यांना वास, लाल डोळे, तोंडाभोवती पुरळ दिसलं तर लक्ष द्या.

दारूबंदीचं राज्य आहे, पोराला काय मिळणार, या भरवशावर राहू नका. पोटलीची दारू कुठे मिळते ते त्याला तुमच्याआधी ठाऊक असतं.

असं काही कळलं की आपल्याकडे दोनच उपाय सुचतात: गावी धाडा, नाहीतर लग्न लावून द्या. दोन्ही करू नका, हात जोडून सांगते. गावात तो 'सुरतवाला' असतो, तिथेही परकाच. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांना सगळी भाऊबंदकी जमते, तेव्हा त्याला आनंदाने घेऊन जा. शिक्षा म्हणून पाठवलंत तर ते गावही त्याचं राहणार नाही. आणि लग्नाचं म्हणाल, तर दुसऱ्याच्या लेकीने तुमच्या मुलाचं व्यसन का निस्तरावं?

भाऊबंदांत नाव जाईल म्हणून गप्प बसू नका. मजुरागेटच्या नव्या सिव्हिलमध्ये मनोविकार विभाग आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे. पोलिसांची धास्ती असेल तर ऐका: १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम ६४अ आहे. अमली पदार्थाची नशा केल्याचा किंवा थोडका माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर ते त्याला खटल्यापासून संरक्षण देतं.

दवाखान्यात जाल त्या दिवशी मात्र त्यालाच तुमच्या वतीने बोलायला लावू नका. गुजराती येणारे शाळेचे गुरुजी किंवा शेजारीण सोबत घ्या. नाहीतर मोडक्यातोडक्या हिंदीत तुम्हीच डॉक्टरांना सांगा: रात्री कधी येतो, जेवतो किती, पैसे कुठे जातात. हे सांगता यावं म्हणून आधी त्याच्या दोस्तांना घरी जेवायला बोलवा, त्यांची नावं माहीत करून घ्या. त्यापायी एखादी पाळी बुडेल. बुडू द्या.