चांदणी, ठिपका आणि गळालेला ‘नया’

प्रश्न : प्रजासत्ताक भारताच्या नाण्यांचा प्रकारवार संग्रह करताना बारीक फरकाची नाणी वेगळी धरावीत का?

उत्तर : भिंग आधी सालाखाली धरावे. तिथे हिऱ्यासारखी चौकट दिसली तर नाणे मुंबईचे, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा. काहीच नसले तर कोलकात्याचे. हा फरक टांकसाळीचा. प्रकारवार संग्रहात या चौघांना मिळून एकच घर.

१ जून १९६४ ची गोष्ट निराळी. त्या दिवसापासून ‘नया’ शब्द गळाला. १९५७ पासून दहाच्या नाण्यावर ‘नये पैसे’ असायचे, नंतर उरले नुसते ‘पैसे’. काठाच्या पाकळ्या तशाच, धातूही तोच. पण नाण्यावरचा मजकूरच बदलला. दोन्ही हवीतच, यात तडजोड नको.

दोन रुपयांत तर डोळे मिटून किमान चार घरे करावीत : अकरा बाजूंचे नकाशावाले, २००५ चे गोल पोलादी फुलीचे, २००७ चे दोन बोटांचे आणि २०११ पासूनचे ₹ चिन्हाचे.

१९८२ च्या आशियाई स्पर्धांसारखी स्मारक नाणी हौशी मंडळी याच ओळीत घुसडतात आणि मग पाकिटे पुरत नाहीत. त्यांचा अल्बम वेगळा.