शासनाचे वचन आणि धोरणातील बदल

परिस्थितीनुसार धोरण बदलण्याचा शासनास अधिकार आहे. परंतु जुन्या आदेशावर विसंबून ज्या कंत्राटदाराने कर्ज काढले किंवा ज्या संस्थेने खर्च केला, त्यांचे काय? सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णय या बाबतीत मार्गदर्शक आहेत.

उत्तर प्रदेश शासनाने १९६८ मध्ये नव्या उद्योगांना तीन वर्षे विक्रीकरमाफी जाहीर केली. त्यावर भिस्त ठेवून मोतीलाल पदमपत शुगर मिल्स या कंपनीने कानपूर येथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. १९७० मध्ये शासनाने सवलत प्रथम घटविली व नंतर रद्द केली. न्या. भगवती व न्या. तुळजापूरकर यांनी डिसेंबर १९७८ मध्ये कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. दिलेल्या वचनावर विसंबून कोणी पाऊल टाकले असल्यास, रीतसर करार नसला तरी शासन त्या वचनाने बांधले जाते, असे हे तत्त्व आहे. उल्हासनगर नगरपालिकेने सात वर्षांच्या जकातमाफीचे वचन दिले होते. त्या प्रकरणी १९७० मध्ये न्यायालयाने हेच तत्त्व स्थानिक संस्थांनाही लागू केले.

या संरक्षणास मर्यादाही आहेत. कायद्याविरुद्ध दिलेले वचन बंधनकारक नसते. तसेच व्यापक लोकहितासाठी सवलत मुदतीपूर्वी मागे घेता येते, हे १९९४ च्या कासिंका ट्रेडिंग प्रकरणात मान्य झाले. मात्र लोकहिताचा नुसता उल्लेख पुरेसा नाही. त्याची कारणे शासनाने दाखवावी लागतात.

संविधानाच्या अनुच्छेद २९९ नुसार राज्याचा करार राज्यपालांच्या नावे व विहित रीतीने व्हावा लागतो. तसा करार नसताना केलेल्या कामाचा लाभ शासनाने घेतला असेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० खाली भरपाई मागता येते. पश्चिम बंगालमधील बी. के. मंडल प्रकरणात १९६१ मध्ये हे स्पष्ट झाले.

यावरून घ्यावयाचा बोध असा : नवा आदेश काढताना तो कोणत्या तारखेपासून लागू होईल व चालू कामांचे काय होईल, हे अधिकाऱ्यांनी त्यातच नमूद करावे. पंचायत सदस्यांनी तोंडी सूचनेवर काम सुरू करू देऊ नये. कंत्राटदारांनी कार्यारंभ आदेश व मोजमापाच्या नोंदी, तर अनुदानित संस्थांनी मंजुरीपत्र व खर्चाची प्रमाणके जपून ठेवावीत. धोरण बदलले तरी शासनाच्या शब्दावरील विश्वास टिकला पाहिजे. त्याखेरीज पुढील योजनेस कोणी पुढे येणार नाही.