अनुतापानंतरचे आचरण

श्रीमद्भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील तिसाव्या श्लोकात श्रीकृष्णचक्रवर्ती अर्जुनाला असा आशय सांगतात की, मोठा दुराचारी पुरुषही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधू समजावे. कारण त्याचा निश्चय योग्य ठिकाणी स्थिरावला आहे.

येथे आशंका अशी की, मागे घडलेला दोष केवळ निश्चयाने कसा फिटावा? समाधान असे : श्लोकात निश्चयासोबत अनन्यताही सांगितली आहे. अनुताप हा आरंभ होय. त्यानंतर निष्ठा हवी आणि निष्ठा टिकविण्यास धैर्य हवे. मात्र हे धैर्य कोणते, याचा विवेक केला पाहिजे. त्यासाठी इतिहासातील दोन प्रसंग उपयोगी आहेत. पंथाचा आचार अहिंसेचा असल्याने त्यांतील युद्ध अनुकरणीय नव्हे. मनोवृत्ती तेवढी पाहावयाची.

सरनौबत प्रतापराव गुजर यांनी 1673 मध्ये उमराणीच्या लढाईत कोंडीत सापडलेल्या बहलोलखानास जाऊ दिले. खान पुन्हा चालून आला. शिवाजी महाराजांनी कठोर शब्दांत ठपका ठेवला. तो शब्द प्रतापरावांच्या जिव्हारी लागला आणि 24 फेब्रुवारी 1674 रोजी नेसरीजवळ, परंपरा सांगते त्याप्रमाणे, केवळ सहा स्वारांनिशी ते खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण कामास आले.

त्याआधी चार वर्षांचा दुसरा प्रसंग ठाणे जिल्ह्यातील आहे. शहापूर-मुरबाडच्या मुलखावर नजर ठेवणारा माहुलीचा किल्ला 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला होता. 1670 च्या आरंभी मराठ्यांनी त्यावर हल्ला केला. परंतु किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. पुष्कळ माणसे पडली आणि माघार घ्यावी लागली. काही महिन्यांनी मनोहरदास किल्लेदारी सोडून गेला. त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळे यांनी पुन्हा माहुलीवर चाल केली आणि किल्ला घेतला.

नेसरीच्या वीराचे धैर्य आणि स्वामिनिष्ठा निःसंशय थोर. तरीही एका गोष्टीचा विचार करावा. प्रतापरावांनी प्राण दिले, पण जो खान सुटला होता तो सुटलेलाच राहिला. सैन्य मात्र सेनापतीस मुकले. माहुलीस ज्या कड्याखाली हानी झाली तेथेच, संधी पारखून, पुन्हा जाणे घडले आणि हातचे गेलेले परत आले. पहिल्या ठिकाणी अपराधाचे दुःख शमले. दुसऱ्या ठिकाणी कार्य सिद्धीस गेले.

साधकालाही हाच विवेक करावा लागतो. स्मरणाचा नियम मोडलेल्या भिक्षूने आवेशाने चार दिवस अन्न सोडणे त्यामानाने सोपे. रोज पहाटे त्याच वेळी उठून स्मरणास बसणे कठीण. भावाचा हिस्सा बुडविलेल्या वासनिकाने मोठे दान केले तरी भावाचे देणे उरतेच. त्याच्या दारी जावे, मान खाली घालून त्याचे बोल ऐकावेत आणि हिशेब पुरा करावा. तेथे जावयास जे धैर्य लागते, तेच प्रायश्चित्ताचे धैर्य होय.

स्वतःस शिक्षा केल्याने मनाचा दाह निवतो, परंतु ज्याचे नुकसान झाले त्याला काहीच मिळत नाही. म्हणून अनुताप झालेल्याने प्रथम हे पाहावे की, आपल्या चुकीने काय मोडले आणि त्यातील किती आजही सांधता येईल. जेवढे सांधता येईल तेवढे सांधेपर्यंत मागे न फिरणे, हीच अनन्यता.