पैलवानाने पिंजऱ्यात उतरावे काय?



सहामाही परीक्षा संपल्यावर आपल्याच शाळेचा दहावीतील एक विद्यार्थी वडिलांबरोबर आमच्या कार्यालयात आला. मुलगा रोज तालमीत जातो, तालुका पातळीवर खेळलेला आहे. वडीलही तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्या खेळलेले. ते म्हणाले, "सर, हे पोरगं कुस्ती सोडतो म्हणतंय. मोबाईलमध्ये ती जाळीतली मारामारी बघतंय आन् आपल्याला तेच करायचंय म्हणतंय. तुम्हीच काय ते सांगा ह्याला."

आम्ही स्वतः लंगोट कधी बांधला नाही. म्हणून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली, जमेल तेवढे वाचले, जाणत्यांना विचारले. हाच प्रश्न आणखी दोन-चार मुलांच्या मनात आहे असे कळले, म्हणून जे समजले ते येथे देत आहोत.

प्रथम हा खेळ काय आहे ते पाहू. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, यात ठोसे, लाथा, गुडघे, कोपर, कुस्तीची पकड, गळा आवळणे आणि सांधा पिळणे हे सर्व चालते. साधारणपणे पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, अजिंक्यपदासाठी पाच. हरणाऱ्याने हाताने थाप मारली की लढत संपते. किंवा पंच थांबवतात, नाहीतर परीक्षक गुण मोजून निकाल देतात. डोळ्यात बोट घालणे, चावणे, जांघेत मारणे यांना बंदी आहे. तेव्हा ही निव्वळ मारामारी नव्हे, नियमांचा खेळ आहे, हे पालकांनी आधी मान्य केले पाहिजे. आम्हालाही ते पूर्वी माहीत नव्हते.

आता पैलवानाचा विचार करू. या खेळात सर्वांत भक्कम पाया कुस्तीचा समजला जातो, आणि त्याला कारण आहे. लढत उभ्याने करायची की जमिनीवर, हे पैलवान ठरवतो. मुष्टियोद्ध्याला एकेरी किंवा दुहेरी पट लागला की त्याचे ठोसे तिथेच निकामी होतात. दम, मानेची ताकद, वजन राखण्याची सवय आणि अंगावर आलेल्या माणसाला न घाबरणे, ही भांडवले तालमीतूनच मिळतात. अमेरिकेचा हेन्री सेहुडो २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५५ किलो गटात कुस्तीचे सुवर्णपदक घेऊन आला. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या सुशीलकुमारने ६६ किलोत कांस्यपदक मिळवले होते. हा सेहुडो पुढे यूएफसी या सर्वांत मोठ्या एमएमए संस्थेचा विजेता झाला. पण केव्हा? ऑगस्ट २०१८ मध्ये. मधे दहा वर्षे गेली, आणि २०१६ मध्ये याच किताबासाठी लढताना तो पहिल्याच फेरीत गुडघ्यांचे तडाखे खाऊन हरला होता. ऑलिंपिक सुवर्ण गळ्यात असलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. मोबाईलवर फक्त २०१८ ची लढत दिसते.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर महाराष्ट्राचा भरत खंडारे पाहावा. हा कुस्तीच्या वळणाचा गडी. २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघाय येथे तो यूएफसीत उतरला, आणि चीनच्या सोंग यादोंगने पहिल्याच फेरीत त्याचा गळा पकडीत धरून लढत संपवली. सोंग तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता. ही पकड गिलोटिन नावाने ओळखली जाते. समोरच्याची मान आपल्या काखेत घ्यायची आणि हाताने आवळायची. आमचा विद्यार्थी म्हणाला, "सर, पट काढताना आपली मान तिथंच जाते की!" अगदी खरे आहे. कुस्तीत डोके खाली घालून पायाला हात घालणे हा गुण, आणि येथे तोच धोका.

याहून बोलके उदाहरण रितू फोगाट हिचे आहे. हरियाणाच्या प्रसिद्ध फोगाट भगिनींपैकी ही एक. २०१७ मध्ये तिने २३ वर्षांखालील जागतिक कुस्ती स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. २०१९ मध्ये कुस्ती सोडून ती सिंगापूरला गेली व एमएमए शिकू लागली. पहिल्या चारही लढती तिने जिंकल्या. जोडीदाराला खाली घ्यायचे आणि वरून ठोसे मारायचे, एवढ्यावर तिचे काम भागत होते. डिसेंबर २०२१ मध्ये ती मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचली. समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स होती, जी मुळात लाथा-बुक्क्यांच्या मुए थाई खेळातली. पैलवानाने तिला खाली घेतले की काम झाले असे कोणालाही वाटेल. रितूने तिला खाली घेतलेही. पण दुसऱ्या फेरीत स्टॅम्पने खालूनच, पाठ जमिनीला असताना, रितूचा हात पायांत अडकवून कोपरात ताणला. रितूला हार मानावी लागली.

हा प्रसंग सांगताना मुलाचे वडील मधेच म्हणाले, "पाठ टेकली होती ना तिची? मग हरली कशी नाही?"

सगळी गोम येथेच आहे. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की हलगी वाजते, लोक विजेत्याला खांद्यावर घेतात. पैलवानाचे सारे शिक्षण आपली पाठ वाचवायची आणि दुसऱ्याची टेकवायची याच्यासाठी असते. एमएमएत चीत झालेला माणूस हरलेला नसतो. तो तिथून गळा धरतो, हात ताणतो. आणि चीत होऊ नये म्हणून पैलवान सवयीने पोटावर पालथा होतो, तेव्हा पाठीवर बसलेला जोडीदार मागून गळा आवळतो. म्हणजे लहानपणापासून अंगात भिनलेली सवयच मोडावी लागते. नवा डाव शिकण्यापेक्षा जुनी सवय मोडणे कठीण. हिंदी माध्यमातून शिकून मराठी शाळेत आलेल्या आमच्यासारख्याला हे सांगावे लागत नाही. एवढी वर्षे झाली तरी 'ळ' कधी कधी फसतोच!

असा बदल पूर्वी आपल्या माणसाने केलेला आहे. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले. तोवरचा सराव मातीतला, तिथे मॅट. सहावा क्रमांक आला. पुढची चार वर्षे त्यांनी मेहनत केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासाच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. (विश्वस्त मंडळाने काळजी करू नये, आमचे घर भाड्याचे आहे.) माती ते मॅट हा बदल तसा लहान. खेळ तोच, डाव तेच, निकालही पाठीवरच. तरीही चार वर्षे लागली.

आता पोटापाण्याचे पाहू, कारण पालकांचा खरा प्रश्न तोच असतो. कुस्तीची वाट आपल्या भागात मळलेली आहे. शेजारच्या निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, पुढे पुण्यात वस्ताद म्हणून त्यांनी पैलवान घडवले. त्यांचा शिष्य, बीड जिल्ह्यातील राहुल आवारे, याने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकून ते आपल्या दिवंगत गुरूंना अर्पण केले. पुढे तो महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक झाला. रेल्वे, सैन्यदल, पोलीस येथे कुस्तीच्या पदकाला किंमत आहे. एमएमए अद्याप ऑलिंपिक खेळ नाही. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई खेळांत त्याला स्थान देण्याचे ठरले, ही मात्र नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. व्यावसायिक लढतीत पैसा आहे, पण तो वरच्या मोजक्या लोकांना. खालच्याला लढत मिळाली तर मानधन, आणि दुखापत झाली तर घर.

दुखापतीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कुस्तीत कान मोडतो, गुडघा जातो. डोक्यावर मार बसवणे हा कुस्तीचा भाग नाही. एमएमएत तो खेळाचाच भाग आहे. डोक्याला वारंवार बसणारे तडाखे, माणूस बेशुद्ध झाला नाही तरी, मेंदूला इजा करतात. वाढत्या वयात तर अधिक. म्हणून अठरा वर्षांखालील मुलाने चेहऱ्यावर ठोसे खाण्याचा सराव करू नये, असे आमचे ठाम मत आहे, आणि शाळेच्या मैदानावर तो होऊ देणार नाही.

तरी आम्ही मुलाला 'नाही' म्हटलेले नाही. आपल्या गावाला मल्लविद्या नवीन नाही. हेच जेव्हा चालुक्यांची राजधानी कल्याण होते, तेव्हा राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात मल्लविनोद असा भागच आहे. मल्लांचे वय आणि बळ पाहून वर्ग करावेत, त्यानुसार खुराक व मेहनत द्यावी, असे त्यात सांगितले आहे. आम्हीही वयच आधी पाहिले. त्याला सोळावे चालू आहे.

ठरले ते असे. कुस्ती सोडायची नाही. आधी दहावी, मग वयोगटाच्या राज्य स्पर्धेपर्यंत मजल मारायची. सोबत सुट्टीत ज्युदो शिकायचे. ज्युदो ऑलिंपिक खेळ आहे, त्यात डोक्यावर मार नाही, आणि जमिनीवर पडल्यावरची पकड, वयानुसार गळा आवळणे व हात ताणणे शिकवतात. म्हणजे पैलवानाला नेमके जे येत नाही, ते. ठोसे अठरानंतर. विसाव्या वर्षी मन तसेच राहिले तर मोठ्या शहरातील प्रशिक्षकाकडे जाण्यास वडिलांची हरकत नाही. हे शेवटचे वाक्य वडिलांनी जरा हळू आवाजात म्हटले.

मुलगा कबूल झाला. निघताना मात्र म्हणाला, "सर, स्टॅम्पने तो हात कसा धरला ते दाखवू का?" आम्ही काही बोलायच्या आत वडील सतरंजीवर गुडघे टेकून बसले, मुलगा पाठीवर निजला आणि वडिलांचा उजवा हात त्याने पायांत घेतला. शिपाई चहा घेऊन दारातच थांबला. वडिलांनी दोनदा हात सोडवून पाहिला, तिसऱ्यांदा सतरंजीवर थाप मारली, आणि उठून कोपर चोळत म्हणाले, "पुन्हा दाखव रे. जरा सावकाश."