औषधाचा त्रास आणि विचारण्याचे कर्तव्य

सुनन अबू दाऊद या हदीससंग्रहात आदरणीय जाबिर (रजि.) यांनी कथन केलेला एक प्रसंग आहे. काही सहाबा प्रवासात असताना एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याच्यावर गुस्ल अनिवार्य झाले, तेव्हा आपणास तयम्मुमची सवलत आहे काय, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध आहे, तेव्हा सवलत नाही, असे त्यांनी सांगून टाकले. त्याने स्नान केले आणि त्यातच त्याचा अंत झाला. ही वार्ता प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानी गेली तेव्हा ते सोबत्यांवर अत्यंत नाराज झाले. ठाऊक नव्हते तर विचारायचे होते, अज्ञानावर विचारणे हाच उपाय आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले.

मधुमेहाच्या गोळ्यांविषयी आपल्या घराघरांत जे चालते ते पाहता हा प्रसंग वारंवार आठवतो. गोळी सुरू होते, आठ दिवसांत पोट बिघडते, शेजारची कोणी "ही गोळी गरम पडते, सोडून द्या" असे सांगते आणि गोळी बंद होते. डॉक्टरांना मात्र कोणीच काही सांगत नाही. पुढच्या तपासणीत साखर वाढलेली दिसते, डॉक्टर औषधाची मात्रा वाढवतात आणि रुग्ण ती वाढीव गोळीही कपाटात ठेवून देतो. औषधाचा त्रास आज जाणवतो, वाढलेल्या साखरेचा त्रास वर्षानुवर्षे जाणवत नाही. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा झिजत राहतात. शरीर ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे असे आपण मानतो, तर हा हिशेब गांभीर्यानेच करावयास हवा.

टाइप दोन मधुमेहात सर्वसाधारणपणे प्रथम दिली जाणारी गोळी मेटफॉर्मिन. मळमळ, पोटात गुरगुर, वायू व जुलाब हे तिचे नेहमीचे त्रास होत. बहुतेकांत काही आठवड्यांत ते ओसरतात. गोळी उपाशीपोटी न घेता जेवणासोबत किंवा जेवण होताच घेतल्यास बराच फरक पडतो. डॉक्टर अल्प मात्रेने सुरुवात करून ती हळूहळू वाढवू शकतात किंवा पोटात सावकाश विरघळणाऱ्या प्रकारची गोळी देऊ शकतात. ही सावकाश विरघळणारी गोळी मात्र तोडू वा चघळू नये. तरीही त्रास राहिला तर अन्य औषधे आहेतच. एवढे सारे मार्ग उपलब्ध असताना रुग्णाने मुकाट्याने गोळी सोडावी, ही खेदाची गोष्ट आहे.

मेटफॉर्मिनचा दुसरा परिणाम उशिरा दिसतो. वर्षानुवर्षे ती घेणाऱ्यांच्या शरीरात जीवनसत्त्व बी-12 कमी होऊ शकते. थकवा येतो, तळपायांना मुंग्या येतात, बधिरपणा जाणवतो. मधुमेहाने नसा बिघडल्यावरही हीच लक्षणे दिसत असल्याने खरे कारण दडून राहते. रक्ताच्या साध्या तपासणीने ते कळते व भरूनही काढता येते.

आता इबादतीच्या प्रश्नाकडे वळू या. वायू सतत सरत असल्याने वुजू टिकत नाही, म्हणून काहीजण मस्जिदीत जाणे टाळतात. काही ज्येष्ठ मंडळी तर नमाजच्या काळजीने गोळीच सोडतात. शरीअतने अशा व्यक्तीसाठी 'माजूर'ची सवलत ठेवली आहे. हनफी मतानुसार एखाद्या नमाजच्या संपूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही उसंत मिळाली नाही, तर ती व्यक्ती माजूर ठरते. मग त्या नमाजच्या वेळेसाठी केलेला वुजू त्याच त्रासामुळे तुटत नाही. कोकणातील बहुतेक मुसलमान शाफई आहेत. त्यांच्या मते वेळ सुरू झाल्यावर प्रत्येक फर्ज नमाजसाठी नवा वुजू करावा आणि विलंब न लावता नमाज अदा करावी. आपला त्रास या मर्यादेत बसतो की नाही, हे जाणकार आलिमांना विचारावे. परंतु त्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण पुष्कळदा गोळीचा प्रकार बदलताच प्रश्नच उरत नाही.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या अलीकडच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय व मूत्रपिंडांसाठी त्या अनेकांना लाभदायक ठरतात. मात्र लघवी वाढते आणि लघवीतील साखरेमुळे गुप्तांगाला बुरशीचा संसर्ग होऊन खाज व जळजळ होऊ शकते. स्त्रियांत हे अधिक आढळते आणि नेमक्या त्याच बोलत नाहीत. लाज हा ईमानचाच भाग, हे खरे. परंतु अन्सारी स्त्रियांची लाज त्यांना धर्माचे ज्ञान मिळविण्याच्या आड आली नाही, याबद्दल ह. आयशा (रजि.) यांनी त्यांची प्रशंसाच केली आहे. उम्मे सुलैम (रजि.) यांनी स्वतःच्या शरीराविषयीचा प्रश्न थेट प्रेषितांना (स.) विचारला होता. मग आपल्या आई-बहिणींनी डॉक्टरांना विचारण्यात गैर ते काय? इस्तिंजानंतर अंग कोरडे करणे एवढ्या सवयीनेही संसर्ग टळण्यास मदत होते, आणि झालाच तर त्यावर सोपे औषध आहे. या गोळ्या घेताना ओकाऱ्या, पोटदुखी व धाप सुरू झाली, तर साखर फारशी वाढलेली नसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

सर्वाधिक सावधगिरी हवी ती ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटात. या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात, मग पोटात अन्न असो वा नसो. म्हणून रमजानमध्ये धोका यांचाच. आपल्याकडे मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड एकाच गोळीत मिळतात आणि रुग्णाला ठाऊक असते ते केवळ कंपनीचे नाव. पाकिटावरील घटक एकदा कोणा सुशिक्षित मुलाकडून वाचून घ्यावेत. रोजात असताना, विशेषतः असरनंतर, घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधड, चिडचिड, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची चिन्हे होत. त्यांना केवळ रोजाचा अशक्तपणा समजू नये. साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली किंवा 300 च्या वर गेली तर मगरिबला दहाच मिनिटे उरली असली तरी रोजा सोडावा. उतरलेल्या साखरेसाठी चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि नंतर जेवावे, कारण या गोळ्यांचा परिणाम रेंगाळतो. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये, तिला रुग्णालयात न्यावे.

असा रोजा सोडल्याने गुनाह होत नाही व कफ्फाराही लागत नाही, केवळ कजा लागते. सूरह अल्-बकरामध्ये आजारी व्यक्तीला अन्य दिवसांत संख्या पूर्ण करण्याची मुभा अल्लाहनेच दिली आहे. ज्याला पुढेही रोजे झेपण्याची आशा नाही, त्याच्यासाठी फिदिया आहे. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटतो, हा समज अद्याप अनेक घरांत आहे. तपासणीसाठी रक्त काढणे, तसेच पोषणासाठी नसलेले इंजेक्शन घेणे यांमुळे रोजा तुटत नाही, असा निर्णय जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1997 साली दिला आहे. औषधामुळे आपोआप उलटी झाली तरी रोजा कायम राहतो.

कलौंजीविषयी दोन शब्द. तिचे गुण हदीसमध्ये आले आहेत. पण ज्या प्रेषितांनी (स.) कलौंजी सांगितली, त्यांनीच उपचार करून घेण्याचाही आदेश दिला. कलौंजी, मेथी किंवा कारल्याचा रस घेत असाल तर डॉक्टरांना सांगावे, कारण गोळीसोबत साखर अधिक उतरू शकते.

रमजानपूर्वी सहा ते आठ आठवडे, म्हणजे रजब महिन्यातच, सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांकडे जावे. कोणती गोळी सहरीला व कोणती इफ्तारला, कोणाची मात्रा कमी, कोणती महिनाभर बंद, हे त्यांनीच लिहून द्यावे. बहुधा सकाळची मोठी मात्रा इफ्तारला आणि रात्रीची कमी केलेली सहरीला जाते, पण हा बदल स्वतःच्या अंदाजाने करू नये. सोडून दिलेल्या गोळ्यांची पाकिटेही त्याच पिशवीत असावीत.